गोळीचा हिशोब लागतो, काठीचा?

पोलिसांच्या बोलीत बंदुका ठेवायच्या खोलीला ‘कोत’ म्हणतात. बंदोबस्ताला निघालेला शिपाई तिथे सही करतो, मगच त्याच्या हातात हत्यार पडतं. वहीत हत्याराचा नंबर लिहिला जातो, सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या लिहिली जाते आणि परत आल्यावर मोजदाद होते. एक काडतूस कमी भरलं तर ते कुठे गेलं, कोणाच्या हुकमानं गेलं, रिकामी पुंगळी कुठे आहे, हे सांगितल्याशिवाय त्या शिपायाची सुटका नसते.

काठ्या मात्र व्हॅनच्या मागच्या बाजूला मोळीनं पडलेल्या असतात. पूर्वी बांबूच्या होत्या, आता बऱ्याच ठिकाणी फायबरच्या आल्या. उतरताना ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याची. ती कितीदा उगारली, कोणाच्या पाठीवर पडली, हे लिहायला कुठल्याच वहीत रकाना नाही.

पोलिसांनी बळ वापरलं की त्याची नोंद कोण करतो, ती कोणाकडे जाते आणि कुठे येऊन थांबते, हा कागदाचा प्रवास एकदा सावकाश पाहण्यासारखा आहे. त्यासाठी एक प्रसंग मनात उभा करू.

सुलतानपूर. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं गाव, सोयाबीन-कपाशीचा मुलूख. समजा, भाव पडल्यावरून इथल्या फाट्यावर रास्ता रोको झाला. दोनशे माणसं रस्त्यावर, मध्ये एसटी अडकलेली, दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग. तासाभरानं पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि दहा मिनिटांत रस्ता मोकळा झाला. गोळी झाडली नाही, कोणी दगावलं नाही. दोघांच्या डोक्याला टाके पडले, एका पोराचं मनगट मोडलं, बाकीच्यांना मुका मार. अकरा जण ताब्यात.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण या भागाला परका नाही. ११ फेब्रुवारी २०२३ला बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर सोयाबीन-कापसाच्या प्रश्नावर शेतकरी नेते रविकांत तुपकरांचं आंदोलन झालं, तेव्हा लाठीमार झाला होता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीला, मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांनी केलेल्या उपोषणाच्या ठिकाणी लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. तीन दिवसांनी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली, जालन्याचे पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. म्हणजे राज्य हलवणारी घटना घडली. पण असं काही घडल्याचा ठरावीक नमुन्यातला अहवाल अमुक तासांत पोलिसांबाहेरच्या अमुक यंत्रणेला गेलाच पाहिजे, अशी अट तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. लोकांना कळलं ते कॅमेऱ्यांमुळे.

आता आपल्या फाट्यावर परत येऊ.

लाठी चालवायचा हुकूम कोण देऊ शकतो, हे कायद्यात स्पष्ट आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १२९ होतं) सांगतं की बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या गैरहजेरीत फौजदाराच्या दर्जाहून खाली नसलेला अधिकारी देऊ शकतो. आदेश देऊनही जमाव हटला नाही तर बळ वापरता येतं. म्हणजे आधी आदेश, मग वाट पाहणं, मग काठी. आदेश खरंच दिला का, लाउडस्पीकरवरून दिला का, किती मिनिटं थांबले, हे नंतर ठरवायचं तर ते त्या वेळीच कुठे तरी लिहिलेलं असायला हवं. कलम १४८ कोणाला काही लिहायला लावत नाही. उलट पुढचं कलम १५१ म्हणतं की या अधिकाराखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरायचा असेल तर आधी सरकारची मंजुरी लागते. संरक्षण कायद्यानं दिलं, त्याच्या बदल्यात कागद मात्र मागितला नाही.

पहिला कागद ठाण्यातच तयार होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर स्टेशन डायरी असते, आता तीच सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक-जाळ्यावरही असते. ठाण्यात काय काय घडलं, कोण किती वाजता निघालं, कोण परतलं, कोणती खबर आली, हे सगळं वेळेसकट त्यात लिहायचं असतं. तपासाची केस डायरी वेगळी, ती आरोपीला सहसा पाहायला मिळत नाही. स्टेशन डायरी म्हणजे ठाण्याचा रोजमेळ. ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की दखलपात्र गुन्ह्याशी संबंधित प्रत्येक खबर या डायरीत काळजीपूर्वक उतरलीच पाहिजे. आपल्या प्रसंगात डायरीत बंदोबस्त रवाना झाल्याची आणि परत आल्याची नोंद मिळेल. मधल्या दहा मिनिटांबद्दल बहुधा एकच वाक्य असेल.

तेच वाक्य थोडं वाढून एफआयआरमध्ये येतं. एफआयआर पोलीसच देतात, जमावाविरुद्ध: बेकायदेशीर जमाव, दंगा, सरकारी कामात अडथळा. त्यात कोणत्या पोलिसाला कुठे दगड लागला ते नीट लिहिलेलं असतं आणि ते असायलाच हवं. शेवटाकडे एक ओळ येते, ‘जमावास पांगविण्याकरिता आवश्यक त्या सौम्य बळाचा वापर करण्यात आला.’ कोणी केला, ते या वाक्यात नाही. मराठीत कर्मणी प्रयोगाची सोय सर्वांत जास्त कोणी वापरली असेल तर ती सरकारी कागदानं. ‘सौम्य’ हा शब्दही नीट पाहावा. दुसऱ्या दिवशी पेपरात येतो तो ‘सौम्य लाठीमार’ बहुतेक वेळा या कागदातून उचललेला असतो. बातमीदारानं काही मोजलेलं नसतं.

दुसरा कागद दवाखान्यात तयार होतो आणि माझ्या मते हाच सगळ्यांत बोलका.

मनगट मोडलेलं पोर सरकारी दवाखान्यात जातं. मारहाणीची जखम दिसली की डॉक्टर तिची नोंद वैद्यकीय-न्यायिक म्हणून करतात. सगळे त्याला एमएलसी म्हणतात. रजिस्टरला नंबर पडतो. जखम कुठे, लांबी-रुंदी किती, ताजी की जुनी, साधी की गंभीर, कशानं झाली असावी, असे रकाने असतात. हाड मोडलं की कायद्याच्या व्याख्येनं ती गंभीर दुखापत. ‘कशानं’ या रकान्यात डॉक्टर ‘काठी’ लिहीत नाहीत, ‘टणक व बोथट वस्तू’ लिहितात. काठीचा वळ मात्र खूण सोडून जातो. गोल दांडा जोरात बसला की त्याच्याखालचं रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं, मधला पट्टा फिकट राहतो आणि रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर लाल रेषा उठतात. न्यायवैद्यकाच्या पहिल्या पाठांतली ही गोष्ट आहे. डॉक्टरनं ती खूण मापासकट लिहिली तर त्या नोंदीला वजन येतं.

म्हणजे पोलिसांच्या काठीची सविस्तर नोंद होते, फक्त ती चालवणाऱ्याच्या वहीत होत नाही. ती होते खाणाऱ्याच्या केस पेपरवर.

आणि त्या केस पेपरचं पुढे काय होतं? एमएलसी झाली की दवाखाना पोलिसांना खबर देतो. कोणत्या पोलिसांना? हद्दीच्या ठाण्याला. म्हणजे ज्या ठाण्याची माणसं फाट्यावर होती, तिथेच कागद फिरून येतो. गावातल्या भांडणात ही पद्धत चालते, कारण तिथे ठाणं तिऱ्हाईत असतं. इथे ते तिऱ्हाईत नाही.

वाटेत आणखी एक अडचण येते. एरवी पोलीस जखमीला ‘मेडिकल यादी’ देऊन दवाखान्यात पाठवतात, त्यामुळे यादी आणल्याशिवाय तपासत नाही, असं काही ठिकाणी ऐकावं लागतं. पोलिसांचाच मार खाल्लेल्या माणसानं पोलिसांकडून यादी आणायची! तसा नियम नाही. परमानंद कटारा प्रकरणात १९८९मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की जखमी समोर आला की डॉक्टरनं आधी उपचार करायचे, कागदी सोपस्कार नंतर.

ताब्यात घेतलेल्या अकरा जणांचा कागद वेगळ्या वाटेनं जातो आणि या वाटेवर कायदा अधिक जागा आहे. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे अकरा दंडक घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर झाला पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे. अटक झालेल्यानं मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहान-मोठ्या जखमा तिथल्या तिथे लिहून त्या कागदावर त्याची आणि अधिकाऱ्याची सही घेतली पाहिजे आणि त्याला प्रत दिली पाहिजे. पुढे यातलं बरंच कायद्याच्या कलमांत आलं. आताच्या संहितेचं कलम ५३ सांगतं की अटक झाल्यावर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडून तपासणी करावी, जखमा आणि त्या साधारण कधी झाल्या ते लिहावं आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला द्यावी. यातल्या ‘कधी’ला महत्त्व आहे. जखम फाट्यावरची की ठाण्यातली, हे त्या एका शब्दावर ठरतं.

चोवीस तासांच्या आत त्यांना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतात. तिथे एक प्रश्न ठरलेला असतो, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’

‘नाई साहेब.’

रिमांडच्या कागदावर तेवढं उतरतं, ‘तक्रार नाही.’ उत्तर देणाऱ्याच्या शेजारी तोच हवालदार उभा आहे आणि रात्री त्याच्याच ठाण्यात परत जायचं आहे, हे कागदावर उतरत नाही. काही दंडाधिकारी पोलिसांना बाहेर थांबायला सांगून विचारतात, अंगावरचा शर्ट वर करायला सांगतात आणि मग उत्तर बदलतं. पण ते त्या माणसाच्या स्वभावावर. इथे ‘तक्रार आहे’ म्हटलं, तर जखमा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशपत्रकात नोंदल्या जातात आणि ही नोंद ठाण्याच्या हातात नसते. दवाखाना सोडला तर सबंध प्रवासातली ही पहिली जागा जिथे पोलिसांच्या बळाबद्दलचा शब्द पोलिसांबाहेरचा माणूस, आपल्या अधिकारात, कायमचा लिहून ठेवतो.

अकरा जणांपैकी एखादा कोठडीत दगावला, किंवा फाट्यावर गोळी सुटून कोणी मेलं, की सगळा रस्ताच बदलतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग ऑक्टोबर १९९३मध्ये स्थापन झाला. त्यानं सुरुवातीलाच जी पत्रं काढली त्यांतलं एक १४ डिसेंबर १९९३चं. कोठडीतला मृत्यू किंवा बलात्कार घडला की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी चोवीस तासांच्या आत आयोगाला कळवायचं. कळवलं नाही तर घटना दडपायचा प्रयत्न झाला असं आयोग गृहीत धरेल. हे शेवटचं वाक्य मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. ‘नोंद ठेवा’ असं नुसतं सांगून कोणी ठेवत नाही. नोंद नसणं हाच पुरावा मानला जाईल म्हटलं की हात आपोआप पेनाकडे जातो. पुढे १९९५मध्ये आयोगानं कोठडीतल्या मृत्यूच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला सांगितलं.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी २००६पासून न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची आहे. आताचं कलम १९६ तेच सांगतं. पूर्वी हे काम तहसीलदार-प्रांतांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे होतं. ते आणि पोलीस एकाच जिल्हा प्रशासनात रोज शेजारी बसणारे, म्हणून तो बदल झाला.

पोलिसांच्या गोळीनं होणाऱ्या मृत्यूंचे देशभरचे नियम तर महाराष्ट्राच्याच खटल्यातून आले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५च्या आसपास माणसं मेली. त्या खऱ्या होत्या का, असं विचारत पीयूसीएल ही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २३ सप्टेंबर २०१४ला सरन्यायाधीश लोढा आणि न्या. नरिमन यांनी सोळा नियम घालून दिले. आधी मिळालेली खबर लिहून ठेवायची. मृत्यू झाला की एफआयआर नोंदवून विनाविलंब न्यायालयाला पाठवायची. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, चकमकीतल्या पथकानं नाही. हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. मानवी हक्क आयोगाला कळवायचं. लगेच शौर्यपदक नाही, बढती नाही. राज्याच्या पोलीस महासंचालकांनी गोळीबारातल्या सगळ्या मृत्यूंचं सहामाही विवरणपत्र १५ जानेवारी आणि १५ जुलैपर्यंत आयोगाला पोचवायचं. मृत्यूबरोबर चकमकीतल्या गंभीर दुखापतीलाही हे नियम लागू आहेत.

त्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ला, बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसाच्या गोळीनं मेला. त्यानं पिस्तूल हिसकावलं, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं जानेवारी २०२५मध्ये गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तरी गुन्हा आपोआप नोंदला गेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाला ७ एप्रिल २०२५ला आदेश द्यावा लागला.

परभणीतही तेच घडलं. डिसेंबर २०२४मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या हिंसाचारात अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना वारले. कलम १९६ची चौकशी झाली, तिच्या अहवालानं पोलिसांवर ठपका ठेवला. पण गुन्हा नोंदवायला आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. ४ जुलै २०२५ला आदेश झाला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही तो कायम राहिला. अहवाल लिहिणं सक्तीचं आहे, अहवाल वाचून पुढे काय करायचं याची सक्ती तितकी स्पष्ट नाही, ही त्या कलमातली फट.

आणि कधी कधी नोंदच खोटी असते. सांगलीत नोव्हेंबर २०१७मध्ये कोठडीत मारहाणीनं मेलेल्या तरुणाचा मृतदेह पोलिसांनी आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि आरोपी पळून गेला असं भासवलं. ठाण्याची वही ठाणंच लिहितं, तोवर हा धोका राहणार. म्हणून दुसरी वही लागते, जिला पेन लागत नाही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, फाटकावर, अंधारात दिसणारे आणि आवाज टिपणारे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण अठरा महिने ठेवायचं, ते अगदीच जमत नसेल तर किमान वर्षभर. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाला कॅमेऱ्यांच्या दुरवस्थेची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून अंमलबजावणीचा अंदाज यावा. आणि फाट्यावरच्या काठीला ठाण्यातला कॅमेरा तसाही दिसत नाही.

या सगळ्या कागदांची बेरीज करून पाहा. माणूस मेला तर चोवीस तासांत कळवायचं. गोळीनं मेला तर सहामाही विवरणपत्र. चकमकीत गंभीर जखमी झाला तरी नियम आहेत. मनगट काठीनं मोडलं तर? डायरीतलं एक वाक्य, एफआयआरमधलं ‘सौम्य बळ’ आणि दवाखान्यातला एमएलसी नंबर. तीन कागद, तीन ठिकाणी, एकमेकांना न ओळखणारे. ते शेजारी ठेवून बेरीज करायची कोणाची नोकरी नाही.

मृत्यूंची बेरीज होते, म्हणून आपल्याला आकडा माहीत आहे: १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू, त्यात गुजरातचे ८०, महाराष्ट्राचे ७६. आयोगाकडच्या नोंदींवरून हे राज्यसभेत सांगितलं गेलं. महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर, हे वाचून लगेच मान खाली घालू नये किंवा बचावालाही धावू नये. नोंदीच्या आकड्याची गंमत अशी की जिथे वही नीट लिहिली जाते तिथला आकडा मोठा दिसतो आणि जिथे लिहिलीच जात नाही ते राज्य स्वच्छ दिसतं. आकड्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणच्या दोन वर्षांची तुलना करायला. एखाद्या ठाण्यात अचानक वाढ का झाली, एकाच अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर ती का सरकली, हे विचारायला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१७पासून प्रत्येक पोलिसानं, स्वतः, बळ वापरल्याचा नमुना भरायचा असतो. त्यात बेडी घालणंसुद्धा येतं. विजेचा झटका देणारं टेझर चालवलं नाही, नुसतं रोखलं, तरी लिहायचं. कारण काय, समोरचा माणूस कसा वागत होता, कोणाला इजा झाली, दवाखाना लागला का. गृहखातं वर्षाला एकदा सगळ्याची बेरीज छापतं. त्यात सर्वांत मोठा वाटा बेड्यांचाच असतो. म्हणजे बहुतेक नोंदी कोणाला अडकवणाऱ्या नसतात, रोजच्या कामाच्या असतात. पोलिसांना हा नमुना सवयीचा होतो तो त्यामुळेच.

अमेरिकेची कथा निराळी. २०१४मध्ये फर्ग्युसनला पोलिसाच्या गोळीनं मायकेल ब्राउन हा तरुण मेला, तेव्हा देशभरात वर्षाला पोलिसांकडून किती माणसं मरतात याचा भरवशाचा सरकारी आकडाच नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. १ जानेवारी २०१९पासून एफबीआयनं माहिती गोळा करायला सुरुवात केली: मृत्यू, गंभीर दुखापत आणि माणसावर किंवा त्याच्या दिशेनं झाडलेली गोळी. पण स्थानिक पोलीस दलांना ती देणं ऐच्छिक आहे. अठरा हजारांहून जास्त दलं, ज्याला वाटेल त्यानं द्यावी. काही राज्यांनी मग आपापल्या कायद्यानं सक्ती केली. एफबीआयच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. महिन्याभरात काहीच घडलं नाही तरी ‘काही घडलं नाही’ हे कळवायचं.

यासाठी आपल्याकडे बाहेरून शब्द आणायची गरज नाही. पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक कारकुनाला तो पाठ आहे: निरंक. साथरोगाचा रुग्ण नाही, निरंक. प्रलंबित अर्ज नाही, निरंक. दर महिन्याला असे शेकडो निरंक अहवाल बुलढाण्याला जातात. ‘बळाचा वापर’ असा एक रकाना त्या गठ्ठ्यात वाढवायला नवा कायदाही लागणार नाही. महासंचालकांचं एक परिपत्रक पुरे, किंवा एखाद्या पोलीस अधीक्षकाला वाटलं तर जिल्ह्यापुरती एक वही.

त्या वहीत काय असावं? तारीख, वेळ, जागा. हुकूम कोणी दिला, पूर्वसूचना कशी दिली, किती मिनिटं थांबले. काय वापरलं: हात, काठी, अश्रुधूर, गोळी. बंदोबस्तावर कोण कोण होतं. पोलिसांपैकी आणि लोकांपैकी जखमी किती आणि त्यांचे एमएलसी नंबर. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण ठाण्याची वही आणि दवाखान्याची वही त्या एका नंबरानं बांधली जाते आणि एकीत खाडाखोड केली तर दुसरी बोलते. या अहवालाची प्रत ठाण्याबाहेर जावी, अधीक्षकांबरोबरच जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा आयोगाकडे. ‘इजा किंवा मृत्यू झाला की वरिष्ठांना तातडीनं कळवावं’ हे संयुक्त राष्ट्रांच्या १९९०च्या हवाना तत्त्वांतही आहे. पण वरिष्ठांपाशी थांबणारा कागद म्हणजे घरातल्या घरात झालेली बोलणी.

पोलिसांचा आक्षेप खोटा नाही. बारा-बारा तासांची ड्युटी, सण, निवडणुका, व्हीआयपी आणि त्यात आणखी एक फॉर्म. दोनशे माणसांच्या गर्दीत कोणाच्या काठीनं कोणाचं मनगट मोडलं हे त्या शिपायालाही माहीत नसतं. मान्य. म्हणून जमावाच्या प्रसंगाला एक सामाईक अहवाल आणि एकट्या माणसावर बळ वापरलं तर स्वतंत्र, एवढा फरक करता येईल. पण फॉर्मचा फायदा आधी त्यालाच होईल असं मला वाटतं. आज तो फाट्यावर संयमानं वागला, तीनदा सूचना दिली, दगड खाल्ला, हे सांगणारा त्याच दिवशीचा कागद त्याच्याकडे नसतो. मोबाइलवर फिरणारी अकरा सेकंदांची क्लिप तेवढी असते आणि ती काठी उगारल्यापासून सुरू होते.

तोवर सुलतानपूरच्या माणसानं काय करावं?

मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. केस पेपरवर एमएलसी नंबर आहे का ते पाहायचं आणि डॉक्टरला ‘कोणी मारलं’ हे स्पष्ट सांगायचं. अटक झाली असेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर बोलायचं. नंतर बोललेल्याला तितकं वजन राहत नाही. ठाण्यातल्या चित्रणाची मागणी लगेच लेखी करायची. ठाण्यानं एफआयआर घेतली नाही तर अधीक्षकांना रजिस्टर पत्र आणि तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करता येते. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंग खटल्याच्या २००६च्या निकालानंतर २०१४मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक हे विषय त्याच्या कक्षेत येतात. वकील लागतोच असं नाही. तारखा आणि नंबर मात्र लागतात.

ज्याला मार लागलेला नाही त्यालाही करण्यासारखं एक काम आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून बुलढाण्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात माहितीचा अर्ज टाकायचा: गेल्या वर्षी जिल्ह्यात कलम १४८खाली किती वेळा बळ वापरलं, किती जण जखमी झाले? ‘निरंक’ असं उत्तर आलं तर कोणी तरी मोजलं असा अर्थ आणि मग ते दवाखान्याच्या रजिस्टरशी ताडून पाहता येतं. ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं आलं तर अपिलात जाऊनही फार हाती लागणार नाही, कारण कार्यालयाकडे नसलेली माहिती नव्यानं तयार करून देण्याचं बंधन माहिती अधिकार कायद्यात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्ये म्हटलं आहे. अशा वेळी पुढचा अर्ज वेगळा लिहायचा: अमुक तारखेची, अमुक ठाण्याची, सकाळी दहा ते दुपारी दोनपर्यंतची स्टेशन डायरीची पानं. ती पानं तयार करावी लागत नाहीत, ती असतातच.

मनगट मोडलेल्या पोराचं प्लास्टर दीड महिन्यानं निघेल. एक्स-रे आणि केस पेपर त्याच्या आईनं घरातल्या त्या एका प्लास्टिकच्या पिशवीत, सातबारा आणि पीकविम्याच्या पावत्यांच्या मध्ये, घडी घालून ठेवलेले असतील. पिशवीत टाकण्याआधी त्या कागदावरचा एमएलसी नंबर, तारीख आणि डॉक्टरची सही यांचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. दवाखान्याची शाई पावसाळ्यात लवकर पसरते.